कॉम्प्युटर आपला, किल्ली कुणाची?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि तरुण' असा विषय दिला आहे. त्यावर नीट बोलायचं तर रात्र पुरणार नाही, आणि तुम्हाला जेवायला वेळेवर सोडायचंय. म्हणून मी तीनच गोष्टींबद्दल बोलतो. आपल्या कॉम्प्युटरवर नेमकं काय चालतं, आपल्या भाषा त्यात कुठे आहेत, आणि इंटरनेटवर आपण एकमेकांशी कसे वागतो. सर्व्हर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम आणि जुने लॅपटॉप जिवंत करणं हा छंद. माझी मतं त्यातूनच बनली आहेत. पटली नाहीत तर प्रश्नांच्या वेळी मला धारेवर धरा.

पहिली गोष्ट ऑपरेटिंग सिस्टीमची. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण ती करते काय? सोसायटीत वॉचमन असतो, प्लंबर असतो, सेक्रेटरी असतो. ही तिन्ही कामं एकट्याने करणारा माणूस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, कोणत्या ॲपला तुमचे फोटो बघू द्यायचे, प्रिंटरला कागद कधी ओढायला सांगायचा, हे सगळं तोच ठरवतो. आता प्रश्न असा, की हा माणूस पगार कुणाचा खातो? तुमचा, की कंपनीचा?

हा प्रश्न एका प्रिंटरमुळे निघाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करत होता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय त्याने स्वतः कोड बदलून केली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचा, पण त्याचा कोडच मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण कुणाला देणार नाही अशा करारावर त्याने सही केली होती. शेजाऱ्याला मदत करू नये असं सहीनिशी लिहून घेतलं जातं, हे स्टॉलमनला खुपलं. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. पुढे त्यातून चार हक्क मांडले गेले: प्रोग्राम हव्या त्या कामासाठी वापरण्याचा, तो उघडून समजून घेऊन बदलण्याचा, त्याची प्रत दुसऱ्याला देण्याचा, आणि आपण केलेली सुधारणा इतरांना वाटण्याचा.

अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत 'फ्री' म्हणतात आणि त्या एका शब्दापायी त्यांचा चाळीस वर्षं गोंधळ चाललाय, कारण त्यांच्याकडे फुकटलाही फ्री आणि मुक्तलाही फ्रीच. आपली पंचाईत होत नाही. मराठीत फुकट वेगळं, मुक्त वेगळं. उर्दूत मुफ्त वेगळं, आझाद वेगळं. मी बोलतोय ते आझाद सॉफ्टवेअरबद्दल.

१९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहायला घेतला. हौस म्हणून करतोय, फार मोठं काही होणार नाही, असंच त्याने तेव्हा कळवलं होतं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटरांची यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात. ही इथे बसलेल्या अनेकांच्या वयाच्या मुलाची गोष्ट आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता घरची गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. घरगुती वापरासाठी वर्षभर सुरक्षेचे अपडेट जादा मिळण्याची सोय ठेवली, पण ती नुसती वाढीव मुदत. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीचा लागतो. म्हणजे ज्या लॅपटॉपचा स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठीक, बॅटरी बऱ्यापैकी, तो कागदोपत्री म्हातारा ठरला. ज्या घरात एका लॅपटॉपवर मोठी बहीण बी.एड. करते, धाकटा स्कॉलरशिपचा फॉर्म भरतो आणि अब्बा दुकानाचा हिशेब ठेवतात, त्या घराने काय करायचं?

बहुतेक जण काय करतात ते मला माहीत आहे. गल्लीतल्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत 'सगळं टाकून' मिळतं. ते टाकताना दुकानदार आधी अँटिव्हायरस बंद करतो, कारण तो चालू असला तर क्रॅक चालत नाही. चोर घरात घ्यायचा म्हणून आपणच कुत्रा बांधून ठेवल्यासारखं आहे हे. मग त्याच मशीनवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. बिर्याणीचं मटण हलाल आहे ना, हे आपण तीनदा विचारतो. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर कुठून आलं हे एकदाही विचारत नाही.

त्यापेक्षा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घ्या. काहीही पुसून न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. चार जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एक छोटी एसएसडी, एवढ्यावर तो लॅपटॉप आणखी काही वर्षं काम देतो. पत्र, तक्ते, प्रेझेंटेशन यासाठी लिब्रेऑफिस आहे, ब्राउझर आहेतच. मी लिनक्सची जाहिरात करायला आलेलो नाही, म्हणून अडचणीही सांगतो. टॅलीवर काम असेल, फोटोशॉप किंवा ऑटोकॅडवर पोट असेल, तर विंडोज ठेवा, पण रीतसर विकत घेतलेलं. वर्डमधली गुंतागुंतीची फाइल लिब्रेऑफिसमध्ये कधीकधी विस्कटते. सरकारी कामात डिजिटल सहीचं यंत्र अडून बसू शकतं. हे आधी कळलं तर त्रास कमी होतो.

आणि लिनक्समध्ये शिरलात की एक गंमत दिसेल. तिथे शेकडो डिस्ट्रो आहेत, म्हणजे एकाच गाभ्यावर रचलेल्या वेगवेगळ्या सिस्टीम. प्रत्येकाचा दावा, की खरी वाट आमचीच. आपल्याकडे मसलकांवरून जेवढी डोकी फुटतात तेवढीच तिकडे डिस्ट्रोवरून. नवशिक्याने विचारलं, 'वायफाय चालत नाही, काय करू?' तर उत्तर येतं, 'तू चुकीच्या गटात आहेस, आमच्यात ये.' तुम्ही या भांडणात पडू नका. वायफाय चालू करून द्या, लोक आपोआप येतील.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्यापैकी अनेकांच्या घरी उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, आणि फोनवर रोमन लिपीतली खिचडी. त्यामुळे कॉम्प्युटरने आपल्या लिपींना कसं वागवलं, हा आपल्यासाठी दुहेरी प्रश्न आहे.

देवनागरीचं बघा. वर्षानुवर्षं मराठी डीटीपी अशा फॉन्टांवर चाललं, की फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा. कारण आत मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले होते. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हे थांबलं. तरी मराठीचा 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये. हिंदीत तो लागत नाही, म्हणून कुणाला घाई नव्हती. मराठीला तो लागतो हे कुणीतरी कागदपत्रांनिशी मांडलं, तेव्हा तो मिळाला. आज आपण 'ॲप' लिहितो ते त्यामुळे.

उर्दूचं आणखी अवघड. नस्तालिक ही लिपी उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरते, अक्षर शेजारी बघून रूप बदलतं. म्हणून ऐंशीच्या दशकापर्यंत उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहायचे. पाकिस्तानातल्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड हाताने लिहून नूरी नस्तालिक तयार केला आणि १९८१ मध्ये 'जंग' दैनिक त्यात छापून निघालं. पुढे दिल्लीच्या एका कंपनीचं इनपेज आलं आणि उर्दूचा सगळा छापखाना त्यावर चालला. सोय मोठी झाली, पण कितीतरी मजकूर त्याच्याच फाइलींत अडकून पडला. आज नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट मुक्त परवान्यावर कुणालाही मिळतो. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्त आणि बालू असे फॉन्ट आहेत, तेही मुक्त परवान्यावर.

केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळांमध्ये मुलं कॉम्प्युटर शिकतात ती मुक्त सॉफ्टवेअरवर, आणि मल्याळमचे फॉन्ट, कीबोर्ड, भाषांतरं यांवर विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून काम केलंय. आपण भाषेच्या नावाने मोर्चे काढतो, मुशायरे भरवतो, सगळं चांगलंच. पण दखनीतल्या शब्दांची एक साधी यादी युनिकोडमध्ये कुणी करून ठेवायची? ती कंपनी करणार नाही, तिला त्यात पैसा दिसत नाही. ती तुमच्या नानीकडे बसून तुम्हालाच करावी लागेल.

आता तिसरी गोष्ट, आणि ही बोलायला मला जड जाते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा गाव. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्या संशयावरून जमावाने पाच माणसांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे भटके. तो निरोप पुढे पाठवणाऱ्या अनेकांच्या हातात काठी नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल, असा बदल जाहीर केला. २०२० मध्ये फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. बटणाच्या रचनेने माणसाचं वागणं बदलतं, हे यातून दिसतं. पण कंपनीने पाचावर आणलं म्हणून आपण पाच जणांना पाठवायलाच हवं असं नाही. 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड' लिहिल्याने जबाबदारी जात नाही. ऐकलेलं सगळं पुढे सांगत सुटणं, हे खोटेपणाला पुरेसं आहे, अशी शिकवण आपल्याकडे लहानपणापासून ऐकवली जाते. ती फॅमिली ग्रुपवरही लागू आहे.

दुसरी घटना आपल्या बहिणींची. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडणारी ॲप्स निघाली. नावं मी घेत नाही, त्या शिव्या होत्या. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी, ज्या कुणी बोलत होत्या त्या सगळ्यांचे फोटो त्यात. आणि ही दोन्ही ठेवली होती गिटहबवर, जिथे जगभरातले लोक मुक्त सॉफ्टवेअर लिहितात, मीही रोज जातो तिथे. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने तपास केला. सुरुवातीला पकडले गेलेले अठरा ते एकवीस वर्षांचे होते, त्यातले काही कॉलेजात शिकणारे. काहींनी शीख वाटतील अशी नावं घेऊन खाती उघडली होती.

म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही, की कोड खुला असला की सगळं भलं होतं. हत्यार उघडं आहे, हात कुणाचा हे वेगळं बघावं लागतं. आणि या प्रकारानंतर काही घरांनी काय केलं? मुलीला सांगितलं, फोटो काढ, खातं बंद कर. म्हणजे ज्यांना तिला गप्प करायचं होतं, त्यांचं काम घरानेच पुरं केलं. भावांनो, तुम्हाला हवं तर रागवा, पण बहिणीला फोन बंद करायला सांगण्याआधी तिला स्क्रीनशॉट जपून ठेवायला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायला आणि सायबर पोलिसांत तक्रार द्यायला सोबत करा. तक्रार करायला ज्या बायका उभ्या राहिल्या, त्यांच्यामुळे अटका झाल्या.

आणि आपली पोरं धुतल्या तांदळासारखी आहेत, असंही समजू नका. एखाद्या मुलीने हिजाब का घातला आणि दुसरीने का नाही घातला, यावर तिच्या फोटोखाली जी भाषा लिहिली जाते, ती लिहिणाऱ्यांत आपलेही आहेत. तीही थांबली पाहिजे.

एक शेवटचा दाखला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं, की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने खोदून पाहिलं, तर एक्सझेड नावाच्या फाइल आवळणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ते प्रोग्राम एक थकलेला स्वयंसेवक बिनपगारी सांभाळत होता. अनोळखी खात्यांवरून त्याच्यावर टोचून बोलणारे निरोप आले, काम हळू होतंय म्हणून. मग एक 'मदतनीस' दोन वर्षांहून जास्त काळ सभ्यपणे काम करत आत शिरला. कोड खुला होता म्हणून चोरी पकडली गेली. पण माणूस एकटा पडला होता म्हणून चोर आत आला.

म्हणून माझं मागणं साधं आहे. इथून गेल्यावर तिघा-चौघांनी मिळून एक जुना लॅपटॉप चालू करा आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयात किंवा मदरशात ठेवा. ज्यांना कोड येतो त्यांनी एका मुक्त प्रकल्पात एक चूक दुरुस्त करा. ज्यांना येत नाही त्यांनी मराठीत किंवा उर्दूत एक पान भाषांतर करा. त्याला प्रोग्रामिंग लागत नाही, भाषा लागते, आणि ती तुमच्याकडे दोन-दोन आहेत. कुणी फुकटात काम करत असेल तर त्याला दोन चांगले शब्द लिहा. आणि पुढचा फॉरवर्ड आला की अंगठा जरा थांबवा.

आता विचारा काय विचारायचं ते.