अतिसार : पथ्य आणि घरगुती उपचार
जुलाब सुरू झाले की राइट टाउनमधील आपल्या घरांतही प्रथम पाणी-जेवण तोडले जाते. ही समजूत घातक आहे. अतिसारात जीव जातो तो शरीरातील पाणी व क्षार घटल्यामुळे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांत पटकी पसरली, सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोड्याचे पाणी पाजविले. मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. साखरेसोबत आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे त्यामागील शास्त्र. ओआरएसचे पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ मुळीच वाढवू नये. भाताची पेज, मऊ खिचडी द्यावी. तान्ह्याचे अंगावरचे दूध चालूच ठेवावे. शौचात रक्त, लघवी बंद किंवा ग्लानी दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.