पुलाला दोन काठ असतात



आपल्या गावच्या नगरपालिकेची एखादी जाहीर नोटीस आपण शेवटच्या ओळीपर्यंत कधी वाचली आहे काय? वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात, बारीक टायपात ती छापलेली असते, आणि तिच्या शेवटी एक वाक्य हमखास असते : ‘तरी संबंधितांनी आपल्या हरकती व सूचना लेखी स्वरूपात, कार्यालयीन वेळेत सादर कराव्यात.’ हे वाक्य मी स्वतः माझ्या नोकरीच्या काळात कितीतरी वेळा लिहिले. ‘संबंधित’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला. त्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

मोटारींच्या पुलाविषयी मी बोलणार नाही. मोटारीला रस्ता नेईल तिकडे जावे लागते. पायी चालणारा माणूस हा मोठा स्वतंत्र प्राणी आहे. त्याला वळसा पसंत नसतो, चढ तर त्याहून नसतो. आणि आपण बांधून दिलेली वाट त्याला रुचली नाही, तर तक्रारअर्ज न करता तो मुकाट्याने दुसरी वाट पाडतो. सायकलवाला त्याचाच सख्खा भाऊ. म्हणून पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी पूल बांधावयाचा असेल, तर त्यांना आधी विचारणे हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. न विचारता बांधलेला पूल ओस पडू शकतो.

असा एक ओस पूल माझ्या नावावर आहे. गावाचे नाव सांगत नाही. हमरस्ता रुंद झाला आणि गावाची वस्ती एका अंगाला व शाळा, बाजार दुसऱ्या अंगाला, अशी स्थिती झाली. रस्ता ओलांडण्यासाठी पूल हवा होता. आम्ही रीतसर सभा बोलाविली. सोमवारी, सकाळी अकरा वाजता, कार्यालयात. सभेला चार दुकानदार आले, एक सेवानिवृत्त शिक्षक आले आणि दोन पुढारी आले. पूल दिसावयास कसा असावा, त्याला रंग कोणता द्यावा, यावर चांगली तासभर चर्चा झाली. ज्यांना तो ओलांडावयाचा होता, ती मंडळी त्या वेळी अर्थातच रस्ता ओलांडीत होती.

हिशेब साधा होता. खालून वाहने जावयाची तर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. पुलाची जाडी धरली म्हणजे माणसाला सुमारे सहा मीटर चढावे लागते. त्यासाठी पंधरा सेंटिमीटरची एक, अशा चाळीस पायऱ्या पुरतात. सायकल चालवीत किंवा निदान ढकलीत नेता येईल असा, वीस हातांत एक हात चढणारा उतार करावयाचा, तर एकेका बाजूला एकशेवीस मीटर लांबीचा उतार हवा. तेवढी जागा नव्हती, आणि पैसेही नव्हते. मी पायऱ्या काढल्या. पूल झाला, फीत कापली गेली. महिन्याभरात रस्त्याच्या दुभाजकाचा कठडा लोकांनी दोन ठिकाणी तोडला. सायकलीला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकविलेला एक गवळी त्या फटीतून रोज जाताना मी पाही. एकदा मी त्याला थांबवून विचारले, “वरून का जात नाहीस?” तो म्हणाला, “साहेब, आधी तुम्ही हे कॅन वर नेऊन दाखवा, मग मी सायकल आणतो.” उत्तर देण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

इतरत्र ही गोष्ट कशी केली गेली, हे पाहण्याची ओढ मला तेव्हापासून लागली. त्यात इंग्लंडच्या उत्तरेकडील टाइन नदीवरच्या एका पुलाने मला फार शिकविले. नदीच्या उत्तर तीरावर न्यूकॅसल आणि दक्षिण तीरावर गेट्सहेड. कोळसा आणि जहाजबांधणी यांवर वाढलेली ही दोन गावे. ते धंदे मंदावल्यावर धक्के ओसाड पडले होते. दक्षिण तीरावरच्या पिठाच्या एका जुन्या गिरणीचे कलादालन करावयाचे ठरले, आणि दोन्ही धक्के जोडणारा, केवळ चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा पूल असावा अशी कल्पना पुढे आली. गेट्सहेडच्या नगरपरिषदेने १९९६ साली त्यासाठी स्पर्धा जाहीर केली. दीडशेहून अधिक आराखडे आले. त्यांतून निवडलेले मोजके आराखडे रहिवाशांपुढे ठेवून त्यांचा कौल घेण्यात आला. विल्किन्सन आयर हे वास्तुविशारद आणि गिफर्ड हे अभियंते यांचा आराखडा विजयी ठरला.

तो आराखडा शब्दांत सांगणे अवघड आहे; तरी प्रयत्न करतो. धनुष्याच्या दोन कमानी कल्पा. एक आकाशात उभी, दुसरी पाण्यावर आडवी. आडवी कमान म्हणजेच चालण्याची वाट. उभ्या कमानीपासून निघालेल्या पोलादी तारांनी ती तोलून धरलेली आहे. दोन्हींची टोके दोन्ही काठांवर एकाच बिजागरीत बसविलेली. जहाज आले, की दोन्ही कमानी मिळून चाळीस अंशांतून कलतात. उभी थोडी निजते, निजलेली उठते, आणि खाली पंचवीस मीटर उंचीचा मार्ग मोकळा होतो. मिटलेली पापणी उघडावी तसे ते दृश्य दिसते. म्हणून लोक त्याला ‘डोळा मिचकावणारा पूल’ म्हणतात. आठशे टनांहून अधिक वजनाचा हा पूल २० नोव्हेंबर २००० रोजी एका प्रचंड तरंगत्या यारीने अखंड उचलून आणून जागेवर ठेवला. १७ सप्टेंबर २००१ रोजी तो लोकांस खुला झाला. पायवाट आणि सायकलवाट एकाच पुलावर, परंतु वेगळ्या आहेत. सायकलवाट किंचित खालच्या पातळीवर ठेवली आहे, त्यामुळे घंटी वाजवीत येणाऱ्याची आणि नदी पाहत रेंगाळणाऱ्याची गाठ पडत नाही.

आता यात लोकांचा वाटा कितीसा? कोणी म्हणेल, त्यांनी चित्रे पाहिली आणि बोट ठेवले, एवढेच. ते खरे आहे. परंतु चित्रे दाखविण्यापूर्वी नगरपरिषदेने अटी घालून दिल्या होत्या. जहाजांची वाट अडता कामा नये, धक्क्यावरची जागा व्यापली जाता कामा नये. आपल्याकडच्या भाषेत सांगावयाचे तर स्थळ आधी पारखलेले होते, पसंती तेवढी लोकांकडे ठेवली. आपण पुष्कळदा याच्या उलट करतो. सुंदर चित्र आधी छापतो, टाळ्या घेतो आणि अटींचा विचार मागाहून येतो.

याहून अवघड गोष्ट लंडनमध्ये घडली. टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर नाइन एल्म्स भागात नवी वस्ती उभी राहत होती. तेथून पलीकडच्या पिम्लिकोपर्यंत पादचारी व सायकलस्वारांचा पूल बांधण्यासाठी दक्षिण तीरावरच्या वॉन्ड्झवर्थ नगरपरिषदेने स्पर्धा घेतली. २०१५ साली आलेले ७४ आराखडे सर्वांना पाहण्यासाठी खुले केले आणि अखेर डेन्मार्कच्या वास्तुविशारदांचा आराखडा निवडला. पद्धतीत मला काही उणे दिसत नाही. परंतु पूल उतरणार होता तो उत्तर तीरावर, वेस्टमिन्स्टरच्या हद्दीत. आणि तेथील रहिवाशांच्या वाट्याला येणार होता तो मुख्यतः उतार! आपल्या नदीकाठच्या लहानशा बागेचे काय होणार, भरधाव सायकली कोठे उतरणार, असे त्यांनी विचारले. विरोध वाढत गेला, आणि आजतागायत त्या पुलाचा एकही खांब उभा राहिलेला नाही. पिम्लिकोकर आडमुठे होते असे म्हणणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. पुलाला दोन काठ असतात, आणि ज्या काठाला लाभ कमी व गैरसोय अधिक, त्याच्याकडे आधी जावयास हवे.

व्हेनिस नगरातही काही अंशी असेच झाले. २००८ साली तेथे मुख्य कालव्यावर एक देखणा नवा पूल झाला. पायऱ्या काचेच्या, पावसात घसरावयाच्या. चाकांच्या खुर्चीवरून जाणाऱ्यास तर तो ओलांडताच येईना. मागाहून त्याला एक फिरता पाळणा जोडला, तोही धड चालला नाही. अपंगांना कोणी आधी विचारले असते, तर हे सारे कागदावरच टळते.

परंतु लोकांना विचारून सारेच समजते, अशा भ्रमात मी नाही. लंडनमध्येच १० जून २००० रोजी टेम्सवर एक नवा पादचारी पूल खुला झाला. त्याचीही स्पर्धा झाली होती आणि त्याचे अभियंते नामांकित होते. पहिल्याच दिवशी हजारोंची रीघ लागली, आणि पूल डावीउजवीकडे डोलू लागला. मौज अशी, की तो वाऱ्याने डोलत नव्हता. पूल जरासा हलला, की तोल सावरण्यासाठी माणसे नकळत पाय फाकून एका तालात चालू लागतात. त्या तालाने पूल अधिक हलतो, आणि तो अधिक हलला की आणखी माणसे त्याच तालात येतात. पुढे चाचणी घेतली तेव्हा पुलाच्या एका भागावर दीडशेच्या आसपास माणसे असेपर्यंत तो शांत राही, आणि त्यावर थोडी भर पडली की एकाएकी डोलू लागे. ही हरकत कोणत्याही नागरिकाला लेखी देता आली नसती. ती लोकांनी पायांनी नोंदविली. सांगण्यासारखी गोष्ट अशी, की ती ऐकली गेली. १२ जूनला पूल बंद झाला, त्याला हादरे शोषणारी यंत्रे बसविली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा उघडला. कोणालाही इजा झाली नाही.

हे वाचताना गुजरातेतील मोरबीची आठवण मनातून जात नाही. मच्छू नदीवरचा तेथील जुना झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी उघडला आणि ३० ऑक्टोबरला तुटला. १३५ माणसे गेली. अरुंद पुलावर एका वेळी किती माणसे सोडावयाची, तारा कोणी तपासल्या, हे विचारण्याचा हक्क कोणाचा होता? पूल कसा दिसावा याविषयी लोकांचे मत आपण मागतो. पूल झाल्यानंतर तो कसा आहे, हे सांगण्यासाठी मात्र कोणतीही नोटीस निघत नाही.

आपल्याकडे पादचाऱ्यांसाठी पूल बांधण्याचा उत्साह हल्ली वाढला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. अहमदाबादेत साबरमतीवर ३०० मीटर लांबीचा अटल पूल ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. तो पाहण्यास गर्दी लोटते. त्याला तिकीट आहे. सहलीला ते ठीक. पण रोज कामावर जाणाऱ्या मजुराला तिकीट काढून नदी ओलांडणे परवडणार नाही, हे आपल्या गावी अशा पुलाची मागणी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला पाहण्यासाठी पूल हवा आहे की जाण्यासाठी, हे सभेत पहिल्या पाच मिनिटांत ठरवून घ्यावे. आणि सभा कार्यालयात न घेता काठावर घ्यावी, पहाटे सहा वाजता. दूधवाले, भाजीवाल्या, शाळेची मुले, पाळीवर जाणारे कामगार यांना उभ्याउभ्याच दोन प्रश्न विचारावे : कोठून आलात, आणि कोठे निघालात? रंग कोणता, हे त्यांना विचारू नये, ते हसतील.

निवृत्त झाल्यावर मी त्या गावी एकदा गेलो होतो. माझ्या पुलाच्या पायऱ्यांच्या कडेला कोणीतरी लोखंडी पन्हळ बसविली आहे, सायकलचे चाक तीत ठेवून वर ढकलीत नेता यावे म्हणून. ती कोणाच्या सूचनेवरून बसविली, हे कार्यालयात कोणालाच सांगता आले नाही. तो गवळी आता नाही. त्याचा मुलगा मोटारसायकलवरून दूध घालतो आणि अजूनही दुभाजकाच्या फटीतूनच जातो. मी तेथे अर्धा तास उभा होतो. तेवढ्या वेळात शाळेतल्या तीन मुली आपल्या सायकली पन्हळीत घालून, एकमेकींना हात देत, वर गेल्या.