सोन्याची शुद्धता आणि द्रावणाचा प्रवाह



रायपूरचा सदर बाजार ही छत्तीसगडच्या राजधानीतील सराफांची पेठ. 23 जून 2021 पासून देशातील 256 जिल्ह्यांत दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. 22 कॅरेटच्या दागिन्यावरील 916 या आकड्याचा अर्थ हजार भागांत 916 भाग सोने, असा होतो.

999 शुद्धतेच्या सोन्याची परीक्षा अधिक सूक्ष्म असते. सोने अम्लराजात विरघळवून त्या द्रावणाचा फवारा तप्त प्लाझ्मात सोडतात. तेथे तांबे, शिसे, लोह यांचे अणू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतात. त्यावरून या धातूंचे प्रमाण काढून ते 1000 मधून वजा केले, की शुद्धता कळते.

मात्र प्रकाशाची तीव्रता दर मिनिटाला किती द्रावण आत जाते यावरही अवलंबून असते. प्रमाण द्रावणापेक्षा नमुना संथ गेला, तर भेसळ कमी दिसते आणि सोने आहे त्याहून शुद्ध ठरते. हे नुकसान ग्राहकाचे होय.

प्रवाह मोजण्याची रीत सोपी आहे. मोजपात्रात नळी बुडवून घड्याळ लावावे. द्रावण 5 मिनिटांत 10 वरून 5 मिलिलिटरवर आले, तर प्रवाह मिनिटाला 1 मिलिलिटर. पंपाची लवचीक नळी दाबाने झिजते, म्हणून ही तपासणी वारंवार करावी लागते. दाट द्रावण संथ ओढले जाते. यास्तव प्रमाण द्रावणातही आम्ल व सोने तितकेच ठेवतात. महागड्या यंत्राच्या अचूकतेला अशा साध्या मोजमापाचा आधार लागतो.