लिंबू कोणाच्याही हातून तरंगतं

(सावित्रीमाई फुले जयंतीनिमित्त पदवीधर विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, इथे बसलेले बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. मीही आहे. माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती. मी बी.एस्सी. केलं आणि आता अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विज्ञान कसं शिकवायचं, यावर मला आज बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, ज्यांना अजून नाक पुसता येत नाही त्यांना कसलं विज्ञान? म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

कॉलेजात पहिल्या प्रॅक्टिकलला हातात ब्युरेट आलं, तेव्हा माझा हात थरथरत होता. फुटलं तर भरून द्यावं लागेल, ही एक भीती. दुसरी भीती जुनी होती. शाळेत विज्ञानाचं साहित्य कपाटात बंद असायचं. कधी बाहेर निघालंच, तर पुढच्या बाकावरची मुलं हात लावायची, आम्ही मागून माना उंच करून बघायचो. विज्ञान मी पाठ केलं होतं, हाताने केलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याहून हुशार नव्हती, तिच्या हाताला सवय होती. ही सवय चौथ्या-पाचव्या वर्षी लागते, किंवा तेव्हाच मोडली जाते.

मोडली कशी जाते, ते मी एका गावात पाहिलं. अंगणवाडीत आम्ही परातीत पाणी घेतलं. लिंबू, चिंचोका, खडा, करवंटी, बाटलीचं झाकण अशा वस्तू मांडल्या. प्रत्येक मुलाने आधी सांगायचं, बुडेल की तरंगेल. मग स्वतः टाकून बघायचं. मुलं परातीवर तुटून पडली. एक मुलगी मात्र हात मागे घेऊन उभी. 'टाक ना गं' म्हटलं की आणखी मागे सरकायची. मी वहीत नोंद केली : 'लाजाळू. सहभाग घेत नाही.'

खिचडी वाढून झाल्यावर मदतनीस मावशी जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "लाजाळू नाही ताई ती. वस्तीत या, नुसती बडबड करती. वरच्या आळीत पाण्याच्या हंड्याला हात लावला म्हणून मार खाल्लाय तिनं. आईनं बजावलंय, लोकांच्या पाण्यात हात घालायचा नाही."

मी एका मदतनिसाची मुलगी, आणि मला हे दिसलं नाही. ती नोंद मी खोडली. पण अशा किती वह्यांमध्ये आपली किती लेकरं 'लाजाळू' आणि 'मंद' म्हणून पडून असतील?

दुसऱ्या दिवशी परात भरायलाच मी तिला सोबत घेतलं. तांब्याने पाणी तिने ओतलं. लिंबू तिच्या हातात दिलं, विचारलं, काय होईल? म्हणाली, "बुडंल." तिने टाकलं, ते तरंगलं. तिने ते दाबून तळाला नेलं आणि सोडलं, ते पुन्हा वर आलं. सात-आठ वेळा तिने तेच केलं. मग बाकीच्यांनी केलं. लिंबू प्रत्येकाच्या हातून तरंगलं.

माझ्या मते विज्ञानाचा पहिला धडा हाच आहे. हात कोणाचा, हे निसर्गाचा नियम विचारत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र टाकून ते तळं 'शुद्ध' केलं. त्या पाण्यात असं काय बदललं होतं? लहानपणी परातीत हात घालून पाहिलेलं मूल मोठेपणी हा प्रश्न विचारणारच.

त्या गावातली गोष्ट मात्र गोड झाली नाही. संध्याकाळी एका मुलाची आजी आली. "सगळ्यांचे हात एकाच पाण्यात कशाला?" सेविकाताई म्हणाल्या, "ते पाणी आम्ही झाडांना घालतो." वेळ निभावली. मला ते उत्तर आवडलं नाही. पण मी एसटीत बसून निघून जाणार होते, त्यांना त्याच गावात राहायचं होतं. त्यांनी परात बंद केली नाही, हे मी मोठं मानते.

आता व्यवस्थेकडे बघा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्यांसाठी कलम ४५ मध्ये राज्याने प्रयत्न करावा, एवढंच आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला गेला. पण तो पाया घालणाऱ्या सेविकेला पगार नाही, मानधन आहे. वजनं, आहार, रजिस्टरं, मोबाइलवरच्या नोंदी यातून वेळ उरला तर शिकवणं. पैसेवाल्यांची मुलं तोवर खासगी नर्सरीत खेळणी खोलून बघत असतात.

मग आपण काय करायचं? मुलाला आधी अंदाज विचारा, उत्तर लगेच सांगू नका. संत्रं सालीसकट पाण्यात टाका, मग सोलून टाका. साल असलेलं तरंगतं, सोललेलं बुडतं. 'घनता' हा शब्द राहू द्या, सालीत हवा असते हे मूल बोटाने दाबून शोधेल. भिजवलेली मटकी दोन ओल्या फडक्यांत बांधा, एक उजेडात, एक डब्यात अंधारात. मोड दोन्हीकडे येतात. 'उन्हाशिवाय काहीच उगवत नाही' असं म्हणणारी मोठी माणसंही तिथे चुकतात. चुकलेल्या अंदाजाला हसू नका, रागावू नका.

आणि करवंटी-चिंचोक्यावर भागतं म्हणून आपल्या मुलांना तेवढंच पुरे, असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. भिंग, चुंबक, तराजू अंगणवाडीत मागा, आणि ते कपाटात कुलूपबंद राहणार नाही हेही बघा.

कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. आपण ते स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतो. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत आपण शेवटचे कधी गेलो होतो? पुढच्या पालकसभेला जा. तिथे पदवी सांगू नका. खाली बसा, परात मागा, आणि कोणतं लेकरू हात मागे घेऊन उभं आहे ते बघा.

जय भीम!