एकच रुग्ण, दोन डॉक्टर



अतिदक्षता विभागात वयस्कर रुग्ण आला की डॉक्टर त्याचा अशक्तपणाही जोखतात, कारण उपचार कितपत झेपतील याचा अंदाज त्यावरून येतो. त्यासाठी ‘क्लिनिकल फ्रेल्टी स्केल’ नावाची मोजपट्टी वापरतात. कॅनडातले डॉ. केनेथ रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये मांडली. तेव्हा तिच्यात ७ पायऱ्या होत्या, आता ९ आहेत. १ म्हणजे ठणठणीत. औषधं, पैशांचे व्यवहार, प्रवास यांत मदत लागू लागली की ५. जिना चढणं, आंघोळ जड जाऊ लागली की ६.

पण एकाच रुग्णाला एक डॉक्टर ४ आणि दुसरा ६ देऊ शकतो. असं का होतं? एकाची नजर खाटेवरच्या आजच्या अवस्थेवर असते. खरं तर आजारापूर्वीची, साधारण दोन आठवड्यांआधीची स्थिती पाहायची असते. शिवाय एकजण घरच्यांशी बोलतो, दुसरा फक्त केसपेपर वाचतो.

म्हणून संशोधक दोघांना स्वतंत्रपणे गुण द्यायला लावतात. योगायोगानं जुळणारी उत्तरं हिशेबातून वगळून खरं एकमत किती, ते ‘कॅपा’ या आकड्यानं मोजतात. प्रशिक्षण आणि ठरावीक प्रश्न यांमुळे हे एकमत वाढवता येतं.

नातेवाइकांनो, ‘बरे होते’ एवढ्यावर थांबू नका. ते बाजारात एकटे जात होते का, औषधं स्वतः घेत होते का, हे डॉक्टरांना नेमकं सांगा. योग्य निर्णयासाठी ही माहिती फार मोलाची आहे.