आईच्या आईची आई कोण?

(बिद्री येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक विचारते. वडिलांचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील अशी नावं सांगा म्हटलं तर तुमच्यातल्या बऱ्याचजणी सांगतील. नाही आठवलं तर भावकीतलं कुणीतरी सांगेल, नाहीतर जुन्या फेरफारात लिहिलेलं सापडेल. आता आईची आई, तिची आई, तिची आई सांगा बघू.

झालं. दोन नावांत सगळ्या गप्प. मीसुद्धा तिथंच थांबते.

मी जीवशास्त्र शिकवणारी बाई. पण हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. वडील वारले तेव्हा वारसनोंदीसाठी वंशावळ लिहून काढली. कागदावर पणजोबा, आजोबा, चुलते, भाऊ. आजीचं नाव नाही. माझं आणि बहिणीचं नाव तेवढं एका कोपऱ्यात होतं, कारण पुढच्या कागदावर आमच्या सह्या हव्या होत्या. तो पुढचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. चुलते म्हणाले, "लेक दिल्या घरी गेली, आता ती तिकडची." भाऊ काही बोलला नाही. मी सही केली. न वाचता केली.

पुढे 2019 साली राखीगढीच्या बाईची बातमी वाचली आणि तो कागद पुन्हा डोळ्यांसमोर आला. आज त्या बाईबद्दल सांगायला उभी आहे.

आधी थोडं शास्त्र. आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रकारच्या पेशींत बारीक बारीक चुली असतात म्हणा. अन्न जाळून ताकद देणाऱ्या. शाळेत त्यांना तंतुकणिका म्हणतात. या चुलींचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. आई तो मुलाला देते, मुलीलाही देते. पण मुलगा तो पुढे देऊ शकत नाही, मुलगीच देते. म्हणजे एक वंशावळ अशी आहे, जी लेकींशिवाय एक पिढीही पुढे सरकत नाही. वंशाला दिवा पाहिजे म्हणून लेकीमागून लेक झालेल्या सुनेला घालूनपाडून बोलणाऱ्या घरात हे जरूर सांगा.

आता ही खूण जुन्या हाडांत कशी सापडते? आपल्या कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940च्या दशकात उत्खनन झालं. तिथं पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी धातूची मूर्ती निघाली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या वस्तू ठेवल्या आहेत. पण मूर्ती आली म्हणजे ग्रीक माणसं इथं नांदली असं होत नाही. व्यापारात वस्तू हातोहात फिरते. माणसं स्वतः आली का, कुणाशी संसार केला, हे मडकं किंवा मूर्ती सांगत नाही. हाड सांगू शकतं.

कवटीच्या बुडाशी, कानाच्या आतल्या बाजूला दगडासारखं टणक हाड असतं. त्याची चिमूटभर पूड करून त्यातला डीएनए काढतात. पण आपल्याकडची उष्णता आणि ओल डीएनए टिकू देत नाहीत. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात राखीगढी हे हडप्पा काळातलं मोठं नगर. तिथलं दफनस्थान पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूनं खणलं. 61 नमुने तपासले आणि त्यातल्या एकातूनच कामापुरता डीएनए मिळाला. तो एका बाईचा होता. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही बाई. नाव, गाव, घर काही ठाऊक नाही. पण एका अख्ख्या संस्कृतीच्या वतीनं साक्ष द्यायला तीच उरली.

तिनं काय सांगितलं? मध्य आशियाच्या पलीकडच्या गवताळ प्रदेशात गुरं पाळणारे लोक होते, त्यांचा अंश तिच्यात नव्हता. तो आपल्याकडे नंतर आला, इसवी सनापूर्वी 2000 ते 1500च्या सुमारास. आज आपल्याकडच्या बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या खुणांत त्या आलेल्यांचा वाटा ठळक दिसतो. आईकडून येणाऱ्या खुणा मात्र बहुतेक इथल्याच जुन्या आहेत. म्हणजे आलेल्यांत पुरुष जास्त होते आणि इथल्या बायकांच्या पोटी त्यांची मुलं वाढली. हे राजीखुशीनं झालं की जुलमानं, ते डीएनए सांगत नाही. तो प्रश्न आपण विचारायचा.

2013 साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून आणखी एक गोष्ट दाखवली. साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात इथली माणसं भरपूर मिसळली. त्यानंतर जातीतच लग्नं होऊ लागली आणि मिसळणं जवळजवळ थांबलं. म्हणजे आपली जात शुद्ध म्हणणाऱ्याच्या रक्तातही ते मिसळणं आहेच. आणि ते थांबवलं कसं? बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 सालीच सांगितलं होतं की जात टिकते ती जातीतल्या लग्नावर, आणि त्यासाठीच सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांत बाईला जखडलं. शाहू महाराजांनी 1919 साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली, ती या साखळीवर घाव घालायलाच. शंभर वर्षं उलटली, तरी लेकीनं जातीबाहेर लग्न केलं तर आपली गावं काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

हाडांचा वापर उलटही झालेला आहे. इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या, तेव्हा गोऱ्यांची कवटी श्रेष्ठ हे सिद्ध व्हावं अशी त्यांच्या गुरूची अपेक्षा होती. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहून टाकलं. 1930च्या आसपासची ही गोष्ट. उद्या डीएनएच्या नावावर कुणी श्रेष्ठ-कनिष्ठ सांगायला आलं, तर इरावतीबाईंची आठवण ठेवा.

आता "लेक दिल्या घरी गेली" याकडे येते. लहानपणी प्यालेल्या पाण्याची खूण दातांत राहते. दूधगंगेचं पाणी पिऊन वाढलेली बाई कुठंही मेली तरी ती खूण तिच्याबरोबर जाते. जर्मनीत लेख नदीच्या खोऱ्यात चार हजार वर्षांपूर्वीची हाडं तपासली. पुरुष बहुतेक तिथलेच, बायका बऱ्याच लांबून आलेल्या. म्हणजे सासरी जाणं फार जुनं आहे, हे खरं. पण 2025 साली इंग्लंडमधल्या डॉर्सेटमधलं दोन हजार वर्षांपूर्वीचं एक दफनस्थान तपासलं, तर उलटं निघालं. बहुतेकजण एकाच बाईच्या लेकीबाळींचे, आणि बाहेरून आलेले ते जावई. तिथं लेकी घरी राहत आणि नवरे नांदायला येत.

म्हणजे कुणी कुणाच्या घरी जायचं हे निसर्गानं ठरवलेलं नाही. माणसांनी ठरवलं, आणि माणसं ते बदलतात. महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशानं 2005 साली कायदा करून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला वाटा दिला. 2024 साली कागदोपत्री मुलाच्या नावापुढं आईचं नाव लावायचा निर्णय राज्य सरकारनं केला. कागद बदलायला लागलेत. आपण सही मात्र अजून जुन्याच सवयीनं करतो.

एक खुलासा करते, नाहीतर शास्त्राशी बेइमानी होईल. आईकडून येणारी ही खूण म्हणजे आपल्या पूर्वजांतला एकच धागा. दहा पिढ्या मागं गेलं तर हजारावर पूर्वज होतात, त्यातली ही एकच बाई. ती बाकीच्यांपेक्षा मोठी नाही. पण तिचा धागा आपल्या कागदांनी सोडला आणि शरीरानं धरून ठेवला, म्हणून तिच्याबद्दल बोलायचं.

माझी सही तर होऊन गेली. भावाशी बोलणं आहे, राखीला जाते, त्या जमिनीचा विषय दोघंही काढत नाही. पण गेल्या वर्षी वहीत एक वंशावळ लिहायला घेतली. आईला विचारलं, तिला तिच्या आजीचं नाव आठवेना. मावशीला विचारलं. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "सगळी तिला आक्काच म्हणायची." मग तेच लिहिलं. आक्का. तिच्यावरची जागा कोरी ठेवली आहे.

घरी गेल्यावर तुमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. आजच विचारा, ती आहे तोवर. आणि कुणी हक्कसोडपत्र पुढं केलं, तर आधी मागून घ्या, घरी न्या, वाचा. सही करायची की नाही ते मग ठरवा.