चित्रातला बैल पारखताना



नागपूर 1861 साली मध्य प्रांताची राजधानी झालं. कामठीची छावणी त्याआधीची. साहेबांच्या बंगल्यांत तैलचित्रं असायची: कुरणात चरणाऱ्या गाई, ओढ्यावर पाणी पिणारी मेंढरं. तसं एखादं चित्र आज वाडीतल्या कुणाच्या माळ्यावर निघालं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘किती येतील याचे?’ माझं म्हणणं आहे, आधी त्यातलं जनावर बघा.

आणि ते बघायला विदर्भातल्या माणसापेक्षा लायक कोण? पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्यानं बैलाचे खांदे हळद-तूप लावून शेकलेत, त्याला ठाऊक असतं की जू बसतं तिथले केस झिजतात, कातडी राठ होते. चित्रकारानं ती जागा रंगवली आहे का? गाय उठताना मागचे पाय आधी उचलते, घोडा पुढचे. उठणारी गाय घोड्यासारखी दाखवली असेल, तर चित्रकार गोठ्यात कधी उभा राहिलेला नाही. देखावा इकडचा, ताडाची झाडं इकडची आणि बैलाला वशिंडच नाही? मग तो बैल विलायती चित्रातून उचललेला. आपला गवळाऊ पांढरा, लांबट तोंडाचा, आखूड शिंगांचा. तो असा ओळखू येतोच.

पाऊलस पॉटर या डच चित्रकारानं 1647 साली, ऐन विशीत, सव्वातीन मीटरहून रुंद कॅनव्हासवर एक बैल रंगवला. तो आज हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्या बैलाभोवती माशासुद्धा घोंगावताहेत. जनावरावरची ही नजर मला कुठल्याही सहीपेक्षा मोलाची वाटते.

मग टॉर्च घ्या आणि उजेड बाजूनं, अगदी तिरपा टाका. खऱ्या तैलचित्रात कुंचल्याचे उंचवटे अंगाच्या घडणीबरोबर वळतात, पाठीवर एक वळण, पोटाखाली दुसरं. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला. तशा छापील चित्रांवर वार्निश चढवून कॅनव्हासचा आभास आणत; पण तो पोत बैलावर आणि आभाळावर सारखाच असतो, आणि भिंगाखाली रंगाचे ठिपके दिसतात. छाप निघाला म्हणून टाकू नका, जुन्या छापांनाही कदर आहे.

सही सगळ्यांत शेवटी. तिचा रंग तड्यांच्या आत उतरला असेल, तर ती मागाहून कुणीतरी केलेली आहे.

एवढं पाहिल्यावरच जाणकाराकडे जा. शंभर वर्षांवरचं चित्र 1972च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि तोवर त्याला ओलं फडकं, लिंबू, बटाटा, काही म्हणजे काही लावू नका.